वाचकांचे प्रश्न : लाल गोळी, महाग डबा आणि रोजचे ताट

या महिन्यात सोलापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे : शरीराला आवश्यक असलेली जीवनसत्त्वे आणि खनिजे खिशाला परवडतील अशी आणि निर्धोकपणे कशी मिळवावीत. त्यांतील चार पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरांत दिलेल्या मात्रा सर्वसाधारण आहेत. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तींनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःला लावू नयेत.

प्रश्न : मी विडी कामगार आहे, वय ३८. तपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघाले. आरोग्य केंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या, पण त्या घेतल्या की मळमळते आणि शौचास काळी होते. शेजारच्या बाईंनी साडेतीनशे रुपयांचे टॉनिक घ्यायला सांगितले. फुकटच्या गोळीत ताकद नसते, असे त्या म्हणतात. डाळिंबही रोज खायला सांगतात. काय करावे? (विडी घरकुल, कुंभारी)

उत्तर : ताई, फुकटच्या गोळीत ताकद नसते ही समजूत आपण मनातून पूर्णपणे काढून टाकावी. अ‍ॅनिमियामुक्त भारत या कार्यक्रमातील लाल गोळीत ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. औषधाची किंमत ठरवताना पाहायचा आकडा हाच आहे. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले वजन पुष्कळदा लोहाच्या संयुगाचे असते आणि त्यात प्रत्यक्ष लोह किती, ते बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल आयर्न’ या शब्दांपुढे लिहिलेले असते. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे एक तृतीयांश, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम एक अष्टमांश लोह असते. म्हणून टॉनिकच्या बाटलीवर एका चमच्यात प्रत्यक्ष लोह किती आहे ते वाचून पाहावे. अनेक टॉनिकांत ते लाल गोळीपेक्षा कमी असल्याचे आपल्याला दिसेल.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही गोळी आठवड्यातून एक, या प्रमाणात दिली जाते ती रक्तक्षय होऊ नये म्हणून. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो, आणि ८ ते १०.९ हा मध्यम रक्तक्षय होय. तो भरून काढण्यासाठी आठवड्याची एक गोळी पुरत नाही. उपचाराची मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी लागते. उपचार सुरू झाल्यावर महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते १ ग्रॅमनेही वाढले नसेल, तर गोळी बदलण्यापेक्षा कारण शोधणे अधिक महत्त्वाचे आहे : पाळीत होणारा अतिरिक्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातील जंत, बी-१२ ची कमतरता किंवा थॅलेसेमिया या रक्तविकाराचा आनुवंशिक अंश. या शेवटच्या कारणासाठी लोह वर्षानुवर्षे घेत राहणे निरुपयोगी तर आहेच, पण अपायकारकही ठरू शकते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक स्त्रिया नेमक्या याच टप्प्यावर, बरे वाटू लागले म्हणून, त्या सोडून देतात.

मळमळीवर उपाय आहे. गोळी रिकाम्या पोटी चांगली शोषली जाते हे खरे, पण सोसत नसेल तर ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी, किंवा एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह चांगल्या प्रमाणात शोषले जाते, असे स्त्रियांवरील अभ्यासांत दिसले आहे. शौचास काळी होणे हे न शोषलेल्या लोहामुळे घडते आणि त्यात धोका नाही. डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त शौच होऊन पोट दुखत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. विड्या वळताना दिवसभर चहाचे घोट चालू असतात, याची मला कल्पना आहे. चहा सोडण्याची गरज नाही, पण जेवण आणि गोळी यांच्या मागेपुढे किमान एक तास तो टाळावा, कारण चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि भाकरी-भाजीतून मिळणारे लोहही वाया जाते. आणखी एक कळकळीची विनंती : या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, कुलपात ठेवाव्यात. गोड वेष्टनामुळे मुले त्या गोळ्या खातात, आणि लोहाची विषबाधा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आता डाळिंबाविषयी. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चव उत्तम आहे, परंतु १०० ग्रॅम दाण्यांत लोह सुमारे ०.३ मिलिग्रॅम एवढेच असते. रंग लाल म्हणून रक्त वाढते, हा तर्क बीटालाही लागू होत नाही. तेवढ्याच वजनाच्या बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह मिळते आणि ज्वारीत सुमारे ४. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली २९ मिलिग्रॅम ठरवली आहे. ती डाळिंबाने भरून निघणार नाही. त्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार दिवस बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मोड आलेली मटकी, तांदुळजा, मेथी, अंबाडी किंवा चाकवताची भाजी आणि वर लिंबू पिळून खावे. लिंबू, पेरू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो यांतील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतले लोह कितीतरी जास्त शोषले जाते. मोड आणण्याने आणि आंबवण्याने धान्य-कडधान्यांतील, लोह शोषण्यात अडथळा आणणारे फायटेट कमी होते, त्याचाही उपयोग होतो. मांसाहार चालत असेल तर महिन्यातून तीन-चार वेळा थोडीशी कलेजी खाणे हा उत्तम उपाय आहे. मात्र गर्भवतींनी ती टाळावी, कारण त्यातील अ जीवनसत्त्वाचे प्रमाण गर्भाला घातक ठरू शकते. आपले साडेतीनशे रुपये महिन्याभराच्या बाजरीसाठी, लिंबांसाठी आणि पेरूंसाठी खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वय ६६, शाकाहारी, बारा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. पायांना मुंग्या येतात. मुलीने पुण्याहून मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा, बायोटिन, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या पुड्या पाठवल्या आहेत. यांपैकी काय घ्यावे? (जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पायांच्या मुंग्यांचे आहे. मधुमेहामुळे मुंग्या येतात हे सर्वांना माहीत असते, परंतु मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी घटते आणि त्याचेही हेच लक्षण असते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. शाकाहारी माणसाला हे जीवनसत्त्व फक्त दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच मिळते; पालेभाज्या, इडली किंवा स्पिरुलिना यांच्यावर विसंबता येत नाही. दिवसाची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम असून ग्लासभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात सुमारे १ मायक्रोग्रॅम असते. तेव्हा दोन ग्लास दूध-दही हवे. पाणी घालून पातळ केलेले ताक त्या हिशेबात धरू नये. तपासणीत कमतरता आढळली तर डॉक्टर गोळ्या देतील किंवा, मज्जातंतूंची लक्षणे ठळक असतील तर, इंजेक्शने. बी-१२ ची साधी गोळी जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नये. आणि बी-१२ तपासण्याआधी नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यामुळे रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

डी जीवनसत्त्वाच्या पुडीबाबत मी अधिक आग्रहाने लिहितो. तिच्यात ६०,००० युनिट असतात आणि ती सामान्यतः आठवड्याला एक, आठ आठवडे, या पद्धतीने, तपासणीनंतर दिली जाते. दैनंदिन गरज ६०० युनिटांच्या आसपास असताना, शक्तीची पूड समजून ती रोज दुधातून घेणारी माणसे आढळतात. जास्त झालेले डी जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते. रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अतितहान, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा आणि शेवटी मूत्रपिंडांना इजा होते. घरात अशी लक्षणे कुणाला दिसली तर पुडी ताबडतोब थांबवून कॅल्शियमची तपासणी करावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकतात, म्हणून ते ठेवून द्यावे. ओमेगासाठी, म्हणजे ओमेगा-३ मेदाम्लांसाठी, रोज चमचाभर जवसाची चटणी पुरे. तिच्यातील ओमेगा शरीरात माशातल्या प्रकारात फारच थोडा बदलतो हे खरे, पण म्हणून कॅप्सूल आवश्यक ठरत नाही. कॅल्शियम दूध, नाचणी (१०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम) आणि तिळातून मिळवावे. गोळी घ्यायचीच झाली तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. मुलीचा जिव्हाळा मोलाचा आहे. तिला आपल्या तपासणीचे अहवाल पाठवा, म्हणजे पुढच्या वेळी ती नेमके तेच आणेल. डब्यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि प्रत्येक घटकाचे प्रमाण नसेल तर तो डबा घेऊ नये. मात्र तो परवाना अन्नपदार्थाचा असतो. उत्पादन रोग बरा करते याची ती हमी नव्हे.

प्रश्न : यंत्रमागावर काम करतो, वय २४, वजन ६० किलो. संध्याकाळी व्यायामशाळेत जातो. तिथे प्रोटीन पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही असे सांगतात. पगारात बसत नाही. (अक्कलकोट रोड)

उत्तर : व्यायाम न करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे आपल्याला ५०. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यासाठी १.२ ग्रॅमपासून पुढे धरावे, म्हणजे किमान ७२. आता दिवसाचा हिशेब पाहू. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे २०, ५० ग्रॅम तूरडाळीतून ११, ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून १०, दोन अंड्यांतून १२ ते १३, वाटीभर घट्ट दह्यातून ६ आणि ३० ग्रॅम सुक्या सोयावडीतून १५ ग्रॅम. बेरीज ७४ च्या घरात जाते आणि पावडरच्या डब्याची गरज उरत नाही. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. भाकरी-आमटी एकत्र खाल्ली की उणीव भरून निघते.

सोलापूरची शेंगा चटणी आपल्याला आवडत असेलच, ती पोटभर खावी. मात्र शेंगदाणे सुके, अखंड आणि स्वच्छ असावेत. बुरशी धरलेल्या, सुरकुतलेल्या किंवा कडवट दाण्यांत अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. नुसते असे दाणे निवडून काढून भागत नाही, सगळी पिशवीच टाकून द्यावी. व्यायामशाळेत कुणी सुटी, लेबल नसलेली पावडर किंवा अंग झटपट भरणाऱ्या गोळ्या देत असेल तर त्यांना स्पष्ट नकार द्यावा. अशा वस्तूंत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो.

प्रश्न : सून गर्भवती आहे. घरात सैंधव मीठ वापरतो, ते अधिक शुद्ध असते असे ऐकले. चालेल ना? (बार्शी)

उत्तर : सूनबाईंच्या गरोदरपणात तरी आयोडीनयुक्त मीठच वापरावे. सैंधवात, त्यात मुद्दाम मिसळलेले नसेल तर, आयोडीन नगण्य असते, आणि बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते. हे मीठ बंद डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे आणि भाजी-आमटीत शेवटी घालावे. प्रमाण मात्र वाढवू नये. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढे मीठ पुरे, त्यातच लोणचे आणि पापडही धरावेत. लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, अशा दोन्ही गोळ्या शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात. त्या एकाच वेळी न देता, कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह त्यानंतर किमान दोन तासांनी द्यावे.