चावीचं घड्याळ पुढे का पळतं?

प्रश्न : वडिलांचं चावीचं घड्याळ अचानक रोज १५ मिनिटं पुढे जातंय. स्प्रिंग बदलावी का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही, घाई करू नका. आधी घड्याळ होकायंत्राजवळ धरा. होकायंत्राचा काटा सेकंदाच्या ठोक्यासारखा थरथरला किंवा वळला, तर हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलंय. मोबाइलचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, काहीही कारण असू शकतं. वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि बॅलन्स व्हील (मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक) भराभर झुलतं. लांबी फक्त २ टक्के कमी झाली तरी दिवसाला जवळपास १५ मिनिटं वाढतात! चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर काम मिनिटभराचं. काटा हललाच नाही, तर वेटोळ्यांवर तेल आलं असेल. मग साफसफाई हवी. वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर मात्र सरकवू नका, मूळ दोष तसाच राहतो.

ही केसासारखी स्प्रिंग १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने घड्याळात आणली. पोलादी स्प्रिंग उन्हाळ्यात मऊ पडून घड्याळ मागे पडायचं. स्विस शास्त्रज्ञ गियोमने निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधून त्यावर उपाय दिला. त्याबद्दल १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं.