एआयला वेब सर्च करायला लावणारे प्रॉम्प्ट टीममध्ये कसे सांभाळावेत?

तुम्ही विचारलंय की अंधेरीतल्या तुमच्या छोट्या टीममध्ये प्रत्येकाने असे प्रॉम्प्ट आपापल्या नोट्समध्ये ठेवलेत आणि काही महिन्यांत ते शिळे होतात, तर करायचं काय?

आधी ते नोट्समधून काढून रेपोत, म्हणजे टीमचा कोड जिथे ठेवता त्या सामायिक जागी, टाका. बदल करायचा तर पुल रिक्वेस्ट (बदल मंजुरीसाठी टीमसमोर मांडणं), आणि कोडसारखाच रिव्ह्यू. पण रेपोतला प्रॉम्प्टही शिळा होतोच, कारण कोणीतरी त्यात उत्तरच लिहून ठेवलेलं असतं. 'नोड १८ धरून चाल' अशी ओळ घ्या (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर). नोड १८ चा सपोर्ट ३० एप्रिल २०२५ ला संपला, ओळ मात्र अजून अनेक ठिकाणी तशीच आहे.

माझं ठाम मत आहे की व्हर्जन आणि साल प्रॉम्प्टमध्ये लिहूच नये. व्हर्जन कुठून वाचायचं ते लिहावं, जसं लॉक फाइल, जिच्यात प्रोजेक्टमधल्या लायब्ररींची नेमकी व्हर्जन नोंदलेली असतात. उदाहरणार्थ, पायडॅन्टिक या डेटा तपासणाऱ्या पायथन लायब्ररीसाठी: 'आधी लॉक फाइलमधून पायडॅन्टिकचं व्हर्जन वाच. त्याच मेजर व्हर्जनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन शोध. दुसऱ्या व्हर्जनचं पान मिळालं तर तसं सांग, त्यावरून कोड लिहू नकोस.' पायडॅन्टिक मुद्दाम घेतलं. २०२३ मध्ये त्याचं दुसरं व्हर्जन आलं आणि 'डिक्ट' या मेथडच्या जागी 'मॉडेल डम्प' आलं. जुनं नाव दुसऱ्या व्हर्जनमध्येही चालतं, फक्त डेप्रिकेशन वॉर्निंग (हे जुनं झालं, पुढे काढलं जाईल असा इशारा) येते. नेटवर पहिल्या व्हर्जनची उत्तरं ढिगाने पडलेली आहेत. टेस्ट पास होतात, वॉर्निंगकडे कोणी बघत नाही आणि कोडबेसमध्ये दोन पद्धती शेजारी शेजारी नांदायला लागतात.

लायब्ररीपेक्षा नियमांचं काम जास्त नाजूक. मी फोर्टमध्ये शेअर ब्रोकरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये आहे. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअर्सची सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची देवघेव, टी प्लस वन (व्यवहारानंतर एका कामकाजाच्या दिवसात) झाली. त्याआधी वर्षानुवर्षं टी प्लस टू होती, त्यामुळे जुने लेख अजूनही तेच सांगतात. 'सेटलमेंटचा नियम शोध' एवढंच लिहिलं तर एआय त्यातलं कुठलंही पान उचलेल. म्हणून आमच्या प्रॉम्प्टमध्ये असं असतं: फक्त सेबी किंवा एक्स्चेंजचं परिपत्रक धर, त्याचा क्रमांक आणि तारीख दे, नंतरच्या परिपत्रकाने ते बदललंय का ते बघ, आणि नाही सापडलं तर 'सापडलं नाही' असं लिही. ही शेवटची मुभा कृपा करून प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये द्या. ती नसली की रिकामी जागा अंदाजाने भरली जाते, आणि तो अंदाज इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेला असतो की नवा मुलगा तो थेट कोडमध्ये उतरवतो.

सुरक्षेचं मात्र प्रॉम्प्टच्या भरवशावर सोडू नका. सर्चची क्वेरी तुमच्या नेटवर्कबाहेर जाते. एरर लॉग जसाच्या तसा चिकटवला तर ग्राहकाचा पॅन नंबर, आतल्या सर्व्हरचं नाव, सगळं त्याच्याबरोबर जाऊ शकतं. ते आधीच गाळणारी स्क्रिप्ट ठेवा. उलट बाजूनेही धोका आहे: वेबपेजमध्ये एआयसाठी लपवलेल्या सूचना असू शकतात. या प्रॉम्प्ट इंजेक्शनला सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने लँग्वेज मॉडेलच्या धोक्यांच्या यादीत पहिलं स्थान दिलंय. जे सेशन वेब वाचतं, त्याला डिप्लॉयची, म्हणजे कोड प्रत्यक्ष वापरात आणण्याची, परवानगी नको. आणि एआयने सुचवलेलं पॅकेज खरोखर अस्तित्वात आहे का, कोणाचं आहे, हे माणसाने रजिस्ट्रीवर (पॅकेजेस जिथून मिळतात त्या साइटवर) जाऊन बघितल्याशिवाय इन्स्टॉल करू नका.

तपासणीसाठी ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत असे थोडे प्रश्न प्रॉम्प्टशेजारीच फाइलमध्ये ठेवा. आमच्याकडे टी प्लस वनचा प्रश्न त्यात आहेच. मॉडेल बदललं, सर्चचं टूल बदललं, की ते चालवा. बघताना उत्तरावर थांबू नका, कोणती लिंक उघडली ते बघा. बरोबर उत्तर चुकीच्या पानावरून आलं असेल तर पुढच्या वेळी ते चुकणार हे धरून चला.

प्रत्येक प्रॉम्प्टला एक जबाबदार माणूस असू द्या. मोठी लायब्ररी अपग्रेड केली की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये तिचा प्रॉम्प्टही बघून घ्या. जो प्रॉम्प्ट कोणी वापरत नाही तो सरळ काढून टाका, गिट हिस्टरीत (रेपोतल्या जुन्या बदलांच्या नोंदीत) तो राहतोच. सुरुवातीला सगळ्यांचे प्रॉम्प्ट गोळा करत बसू नका. ज्या एका कामासाठी तुमच्यातल्या दोघांनी परस्परविरोधी ओळी लिहून ठेवल्यात, तो प्रॉम्प्ट आधी घ्या आणि दोघांना एकत्र बसवून त्याची एकच फाइल करा.