पदवी हाती आली. आता नोकरी की एम.एस्सी.?

प्रश्न : माझी मुलगी यंदा रसायनशास्त्र घेऊन प्रथम श्रेणीत बी.एस्सी. झाली. तिच्याच वर्गातल्या, तिच्याहून कमी गुणांच्या दोघांना लोट्याच्या कारखान्यांत काम मिळाले. हिला मुलाखतीचे बोलावणेही आले नाही. एम.एस्सी. केल्याने मार्ग निघेल का?
– एक माता, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : मुलगी कुठे कमी पडली, असा अर्थ आपण कृपया काढू नये. लोटे-परशुराम किंवा महाडच्या कारखान्यांत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत जागा निघते, तेव्हा ती पुष्कळदा आत काम करणाऱ्यांच्या ओळखीतूनच भरली जाते. ज्यांचे काका-मामा आधीपासून एमआयडीसीत आहेत, त्यांना बातमी आधी कळते. दुसरी अडचण हाताच्या सवयीची. एचपीएलसीसारखे (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे) महागडे उपकरण अनेक लहान महाविद्यालयांत नसते, त्यामुळे विषय उत्तम येत असूनही ‘हे चालवले आहे का?’ या प्रश्नाला नाही म्हणावे लागते. मुलींच्या बाबतीत पाळ्यांच्या वेळा आणि कंपनीची बस कुठवर येते, यावरही बरेच अवलंबून असते. आपल्या घरात रात्रपाळीविषयी काय ठरले आहे, हे अर्ज करण्याआधीच तिच्याशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात पदवीधरांमधील बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा कितीतरी अधिक दिसते. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही, तर शिकलेला मुलगा वा मुलगी घरच्या आधारावर योग्य कामाची वाट पाहते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. नोकरी मिळेना म्हणून घेतलेला एम.एस्सी.चा प्रवेश ही अशीच दोन वर्षांची वाट पाहणे ठरण्याची भीती मला वाटते.

म्हणून आधी शिकाऊ उमेदवारीचा विचार करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही ती खुली आहे. विद्यावेतन मिळते आणि उपकरणांवर हात बसतो. केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) संकेतस्थळावर नोंदणी करावी.

तिला संशोधनाची किंवा महाविद्यालयात शिकवण्याची मनापासून ओढ असेल, तर मात्र एम.एस्सी. अवश्य करावे, आणि त्यासाठी आयआयटींची ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी. ती फेब्रुवारीत होते व अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे शिकाऊ उमेदवारी करताकरताही तिची तयारी करता येईल.