आई ‘छान दिसतंय’ म्हणते. मेंदू काय म्हणतो?

प्रश्न : आमच्या आईला जुन्या संगीत नाटकांची चित्रणे मोबाइलवर पाहण्याची आवड आहे. मध्येच चित्राचे चौकोन होतात, तान ऐन रंगात असताना आवाज फाटतो. तरी विचारले की ती ‘छान दिसतंय’ म्हणते आणि अर्ध्या तासात डोके धरून बसते. मेंदूच्या लहरींवरून चित्राचा दर्जा ठरवता येतो, असे वाचले. हे खरे आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : खरे आहे, मात्र अजून प्रयोगशाळेपुरतेच. दर्जा ठरवण्याची रूढ रीत आपण आईंना विचारता तीच आहे. प्रेक्षकांना चित्रफिती दाखवून १ (वाईट) ते ५ (उत्कृष्ट) असे गुण मागतात आणि त्यांची सरासरी काढतात. अडचण अशी की, माणूस भिडेने, सवयीने किंवा (नाट्यपंढरीत हे सांगायला नकोच) गाणाऱ्यावरच्या मायेनेही गुण देतो.

मेंदूतील विद्युत लहरींची माणसावरील पहिली नोंद जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली. आता प्रेक्षकाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या छोट्या चकत्या) बसवलेली टोपी घालतात आणि लहरींचा आलेख काढतात. स्वच्छ चित्रात एकाएकी बिघाड आला आणि तो मेंदूने टिपला, तर सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर आलेखात उंचवटा उमटतो, त्याला ‘पी-३००’ म्हणतात. बिघाड जितका ठळक, तितका हा उंचवटा साधारणपणे मोठा असतो. आवाजावरच्या प्रयोगांत तर काही श्रोत्यांनी ‘खरखर ऐकू आली नाही’ असे सांगितले, तरी तिची खूण आलेखात सापडली. निकृष्ट आवाज बराच वेळ ऐकणाऱ्यांमध्ये थकव्याशी निगडित अल्फा लहरी, म्हणजे सुमारे ८ ते १३ हर्ट्झच्या, वाढल्याचेही आढळले आहे. आपल्या आईंच्या अनुभवाशी हे जुळते, पण त्यावरून निदान करू नये.

कारण ही नोंद फार नाजूक असते. तिचे मोजमाप मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, होते आणि नुसती पापणी लवली तरी तिच्या विजेपुढे मेंदूचा संकेत झाकला जातो. म्हणून केसांत जेल भरून, स्थिर बसवून, तोच बिघाड अनेकदा दाखवून सरासरी काढावी लागते. तीन अंकी नाटक असे कोण पाहणार?

घरी एवढे करून पाहावे : चांगले नेट असताना नाटक आधी डाउनलोड करून ठेवावे. चौकोन तरीही दिसले, तर दोष मूळ चित्रणाचा समजावा. चित्र स्वच्छ असूनही डोके दुखत राहिले, तर आईंच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.