ट्रान्सपाइल केल्यावर सर्किट बदललं, आता ते बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न: ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किस्किट या क्वांटम प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 5 क्युबिटचं (क्वांटम बिटचं) सर्किट लिहिलं, त्यात 12 सीनॉट (दोन क्युबिटवर चालणारी गेट) होते, ट्रान्सपाइल केल्यावर, म्हणजे कंपायलरने ते चिपला चालेल अशा रूपात बदलल्यावर, 27 झाले आणि क्युबिटचे नंबरही हलले. हे माझंच सर्किट आहे कशावरून? दोन्ही चालवून उत्तरं जुळवली तर पुरेल ना?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: आधी ते 15 जास्तीचे सीनॉट बघू. चिपवर प्रत्येक क्युबिट प्रत्येकाला जोडलेला नसतो, मग लांबच्या दोघांत गेट लावायचं तर कंपायलर मध्ये स्वॅप, म्हणजे दोन क्युबिटची अदलाबदल, घालून त्यांना शेजारी आणतो, आणि एक स्वॅप म्हणजे 3 सीनॉट. म्हणजे बहुतेक 5 स्वॅप पडलेत. नंबर हलले तेही त्यामुळेच.

पण नुसती उत्तरं जुळवून नाही पुरणार गं, आणि हे नीट समजून घे कारण इथेच भले भले फसतात. 0 वर असलेल्या एका क्युबिटवर एच गेट लाव (ते 0 ला 0 आणि 1 च्या सारख्या मिश्रणात नेतं) आणि मोज. तशाच दुसऱ्यावर एच, मग झेड (ते फक्त 1 च्या भागाचं चिन्ह उलटं करतं) लाव आणि मोज. दोन्हीकडे साधारण निम्मे 0, निम्मे 1, फरक शोधून सापडणार नाही. आता मोजायच्या आधी दोन्हीत अजून एक एच घाल: पहिल्यात कायम 0 येईल, दुसऱ्यात कायम 1! कंपायलरने चुकून एक झेड घुसवला किंवा खाल्ला तर तुझी आकडेवारी तशीच दिसू शकते आणि चूक पुढच्या टप्प्यावर बाहेर येते. खऱ्या मशीनवर तर नॉइजही असतो, त्यामुळे कंपायलर चुकला की हार्डवेअर, हेही कळत नाही.

तुझं सर्किट छोटं आहे, 32 बाय 32 चं मॅट्रिक्स, सरळ दोन्हींचा ऑपरेटर, म्हणजे अख्ख्या सर्किटचं मॅट्रिक्स, काढून तुलना कर. फक्त नंबरांची ती अदलाबदल आधी उलटी करून घे, ग्लोबल फेज (अख्ख्या मॅट्रिक्सला लागलेला, मोजणीत न दिसणारा गुणक) सोडून दे, आणि मोठ्या मशीनसाठी ट्रान्सपाइल केलं असशील तर रिकामे क्युबिट काढून टाक. 30 क्युबिटला मात्र नुसती एक अवस्था ठेवायला 16 जीबी लागतात, मग हा मार्ग बंद.

तिथे क्युसेक (QCEC) नावाचं, दोन सर्किट सारखी आहेत का हे तपासणारं टूल जे करतं ते मला फार आवडतं. क्वांटम गेट उलटे फिरवता येतात ना, मग एका सर्किटची गेट आणि दुसऱ्याची उलटी गेट आळीपाळीने लावत जायची, जसं एका हाताने विणायचं आणि दुसऱ्याने उसवायचं. दोन्ही सारखी असतील तर शेवटी काहीच उरत नाही, आयडेंटिटी, आणि मधलं ओझंही बऱ्याचदा छोटं राहतं.

दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक सर्किट तपासत बसण्यापेक्षा कंपायलरच सिद्ध करायचा. मेरीलँड विद्यापीठातल्या मंडळींनी 2021 मध्ये व्हॉक्स (VOQC) हा ऑप्टिमायझर मांडला, तो कॉक (आता नाव रॉक) या प्रूफ असिस्टंटमध्ये, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलाय, म्हणजे गेट कमी करताना अर्थ बदलत नाही याची गणिती सिद्धता कोडसोबतच येते. 2022 मध्ये गिआलार या तपासणीच्या टूलने किस्किट कंपायलरच्या 56 पासपैकी (सर्किट बदलणाऱ्या टप्प्यांपैकी) 44 तपासले आणि 3 बग निघाले, किस्किटवाल्यांनी ते मान्यही केले. इतके लोक वापरत असलेल्या कोडमध्ये! म्हणून तुझी शंका अगदी रास्त आहे.

आज एवढं कर: ट्रान्सपाइल झालेल्या सर्किटमध्ये शेवटच्या मोजणीआधी मुद्दाम एक झेड घाल, आणि ऑपरेटरची तुलना ते पकडते का बघ.