सतरंजीवरची गीतसेवा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या घराची थोडी ओळख छापून आली होती. मी पेटीवर, आमचे हे ढोलकीवर, दोन मुली आणि एक मुलगा सोबतीला, आणि यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यांतल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांत गीतसेवेसाठी फिरणं. त्यावर बरीच पत्रं आली. पाळकांची आली, आयांची आली, एक-दोन रागावलेलीही आली. संपादकांनी त्यातले काही प्रश्न निवडून माझ्याकडे पाठवले. जिथं सांगण्यासारखं आहे तिथं सविस्तर लिहिलंय, बाकीचं थोडक्यात आटोपलंय.

आम्ही नवरा-बायको आणि दोन लेकरं मंडळीत बरं गातो. आता सुट्टीत गावोगावी जाऊन गीतसेवा करावी म्हणतो. आधी कीबोर्ड घ्यावा की साउंड सिस्टीम? (एक वाचक, दारव्हा)

दोन्ही नको. अंगणात पाचपन्नास माणसं बसणार, तिथं भोंगा कशाला? आणि खेड्यातल्या लाइटीचा भरवसा धरून कुणी निघत नाही. पेटी आणि ढोलक पुरे.

पेटी साधी घ्या. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी, दिसायला झोकात असते, पण वजनाला जड आणि प्रकृतीनं नाजूक. एसटीच्या मागच्या सीटवर दोन खड्डे लागले की तिच्या कुरबुरी सुरू. साधी पेटी सोसते. पावसाळ्यात तिचं लाकूड फुगून पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, म्हणून पेटी भुईवर ठेवू नका, ओल्या भिंतीला टेकवू नका. घरी असताना भात्याकडे लक्ष ठेवा, उंदरांना तो फार आवडतो.

तबला चांगलाच, पण त्याचा दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका सुरात लावलेला असतो. फार तर अर्धा-एक सूर वर-खाली घेता येतो, त्यापुढं दुसरा दायां लागतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 वर गेला की चामडं ताणून सूर चढतो, श्रावणात उतरतो, आणि सभा सुरू व्हायच्या वेळेला वाजवणारा हातोडी घेऊन ठोकत बसतो. ढोलकीचे एवढे नखरे नसतात.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण खरी मेख तिथं आहे. पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीवर कुठं धरायचा ते. मी एकटी गाते तेव्हा काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला, मोकळी असते. यांचा गळा काळी एकचा. मंडळीत गाताना माझी पट्टी धरली तर धृपद सगळे म्हणतात, पण कडवं वर चढलं की पुरुष गप्प होतात. माना हलवतात, टाळ वाजवतात, तोंड बंद. यांची पट्टी धरली तर तीच गत बायांची. म्हणून आम्ही दोघांच्याही सोयीची सोडून बहुतेक गीतं काळी पाचला घेतो. बाया वरच्या सप्तकात राहतात, पुरुष खालच्या, आणि कडव्यात कुणाचाच गळा ताणत नाही. चाल मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, फार उतरणारी असेल तर मात्र पुरुषांना ते खोल पडतं, तेव्हा काळी एक. तुम्ही हेच करा असं नाही. पण घरी बसून प्रत्येक गीताची पट्टी ठरवा आणि वहीत गीतापुढं लिहून ठेवा. ठरवताना आपला गळा किती खुलतो ते बघू नका. मागच्या रांगेतली, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई कुठवर जाईल ते बघा. आम्ही जातो ते लोकांनी गावं म्हणून. आमचं ऐकून ‘वा’ म्हणून कुणी घरी गेलं तर त्या रात्री काही झालं नाही असं मी धरते.

तुम्ही जुनी भजनंच काऊन गाता? आमच्या तरुणांना मोबाइलवरची हिंदी वर्शिप गीतं आवडतात. (एक तरुण वाचक, चिखली)

आवडू द्या की. माझी धाकटी दिवसभर तीच गुणगुणते. पण ती गीतं रचलेली असतात मंचावरच्या बँडसाठी. लांबच लांब ओळ, मध्ये गिटारचा तुकडा, शब्द समोरच्या पडद्यावर. खेड्यातल्या मंडळीत पडदा नाही आणि निम्म्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख नाही. भजनात पुढच्यानं एक ओळ म्हणायची, मागच्यांनी तीच झेलायची. दोन फेऱ्यांत धृपद पाठ होतं, पुस्तक लागत नाही.

ही वाट आपल्याला घालून दिली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी. विदर्भातल्या लोकांनी तर हे विसरूच नये. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, तिथून सगळं सुरू झालं. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर आपल्या उपासनेत विलायती चालींवर बसवलेली भाषांतरं पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांना मंडळीत मानाची जागा मिळवून दिली. त्यांचे शब्द तुकोबांच्या वळणाचे आहेत, म्हणून आमच्या खेड्यातल्या माणसाला ते परके वाटत नाहीत.

आणि आमच्या भागात आणखी एक सोय आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनानं गावंच्या गावं तयार करून ठेवलीत. पुढच्यानं म्हटलं की मागच्यांनी उचलायचं, हे इथं लेकरालाही शिकवावं लागत नाही. यांचा ढोलकीतला भजनी ठेका तुकडोजींच्या गुरुदेव सेवा मंडळातल्या एका काकांकडून आलेला आहे. ते काका कधी आमच्या सभेला आले तर मागं बसून टाळ धरतात.

तुमच्यासाठी तोडगा सांगते. हिंदी गीत घ्या, पण धृपद तेवढंच ठेवा, चार वेळा म्हणा, आणि मंडळी किती उचलते ते बघा. उचललं तर तुमचं गीत टिकलं.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. आधी आमच्यासोबत छान गायचा, आता येतच नाही म्हणतो. मंडळीतले लोक म्हणतात, पोट्टं हातचं गेलं. काय करू? (एक आई, पुसद)

ताई, आधी त्याचा आवाज ऐका. फुटत असेल तर त्याचं लाजणं त्यातून आलंय, आणि त्याची प्रार्थनासभा भरवायची गरज नाही. मुलग्याचा गळा या वयात वरचा सूर लावायला गेला की मध्येच फाटतो. चार लोकांत, त्यातही शाळेतल्या मुलींसमोर तसं झालं तर तो परत सतरंजीवर बसेल का? त्याला काही महिने गायला लावू नका. हातात ढोलक द्या, टाळ द्या, नाहीतर घरी आजीजवळ राहू द्या. आमच्या मुलानं त्या काळात फक्त खंजिरी वाजवली, आणि आज त्याचा ठेका त्याच्या बापापेक्षा पक्का आहे. हे मी छापून येणार म्हणून लिहीत नाही, यांना घरीही सांगते.

मोठी मुलगी बारावीच्या वर्षी आमच्याबरोबर आलीच नाही. तेव्हाही लोक बोलले. बोलू दिलं.

धाकटीचं तर वेगळंच. तिला पुढं बसून गायला अजिबात आवडत नाही. ती बायांच्या घोळक्यात, एकदम मागं, कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसते. मी पहिली ओळ म्हटली की क्षणभर सगळे एकमेकांकडं बघतात, आधी कोण म्हणणार म्हणून. त्या क्षणाला मागून तिचा आवाज येतो. मोठा नाही, पण सुरात. तिच्या शेजारची बाई म्हणते, मग तिच्या शेजारची. पुढं बसलेल्या आम्हा चौघांपेक्षा तिचं काम मोठं आहे, आणि सभा संपल्यावर आभार मानताना पाळक तिचं नाव घ्यायचं हमखास विसरतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

तेव्हा मुलाला विचारा, तुला काय करायचंय? उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर तेही चालवून घ्या.

तुम्हाला बोलवायचं तर मानधन किती? (एक पाळक, मेहकर)

ठरलेलं काही नाही. एसटीचं भाडं द्या. 2023 च्या मार्चपासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळं आमच्या घरात पूर्ण तिकिटाचे मानकरी दोनच, हे आणि मुलगा. अर्पण निघालं तर मंडळीसमोर मोजा आणि आमच्या वहीत लिहून सही करा. बंद पाकीट खिशात सरकवू नका, ते आम्ही घेत नाही. तुरीची डाळ, ज्वारी, हरभरा दिला तर आनंदानं घेतो, पण पिशवीत मावेल एवढाच, कारण पेटी एका हातात असते.

आणि पाळकसाहेब, तारीख ठरवताना शेत बघा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सभा ठेवाल तर समोर म्हातारे आणि लेकरंच बसतील. कापूस वेचणीत ठेवायचीच असेल तर रात्री जेवणं झाल्यावर. मेळघाटातून बोलावणं आलं तर आम्ही होळीच्या सुमाराची तारीख मागतो. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली कोरकू माणसं होळीला घरी येतात, तेव्हा गाव भरलेलं असतं. तिथं जाण्याआधी एक धृपद कोरकूत शिकून घ्यावं. आमचे उच्चार ऐकून बाया हसतात, आणि हसल्या की गातात.

गावोगावी गाऊन तुम्ही लोकांना बाटवता, असं आमच्याकडं उघड बोललं जातं. तुम्हाला भीती नाही वाटत? (एक वाचक, दर्यापूर)

तुमचं पत्र रागाचं आहे की काळजीचं, ते मला नीट कळलं नाही. काळजीचं धरून उत्तर देते.

आम्ही कुणाच्या दारात आपणहून जाऊन बसत नाही. जिथं मंडळी आहे किंवा एखाद्या विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, घरानं बोलावलंय तिथंच जातो. यजमानांना आधीच सांगतो की सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या कानावर घाला. भोंगा लावणार असाल तर ठाण्यातून परवानगी काढा, आणि रात्री दहानंतर तो बंद म्हणजे बंद. नियम सगळ्यांनाच आहे, आपल्याला वेगळा नाही. सभेत पैसे, औषध, नोकरी, बरं होण्याची हमी असलं काही बोललं जात नाही. कुणी बोलू लागलं तर हे ढोलकीवर थाप मारतात आणि आम्ही पुढचं गीत सुरू करतो. एकदा एका गावात चार तरुण येऊन उभे राहिले, हातात मोबाइल, शूटिंग चालू. मोठ्या मुलीनं त्यांना बसायला सतरंजी सरकवली. दोघं बसले, दोघं तसेच उभे राहिले. शेवटपर्यंत शूटिंग झालं. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

भीती वाटते का? मुली सोबत असतात, वाटते. मुक्काम ओळखीच्या घरीच करतो तो म्हणूनच.

मुक्कामाला जेवणाचं काय सांगावं? लोक फार आग्रह करतात. (एक वाचक, दिग्रस)

भाकर, बेसन, ठेचा, हे आधीच फोनवर सांगून टाका. तरी कोंबडी शिजणारच. मग एवढंच म्हणा की ती सभा झाल्यावर वाढा. तेलकट रस्सा आणि त्यावर माठाचं गार पाणी पिऊन कुणाचा गळा लागत नाही. आणि संडास कुठं आहे हे उजेड असतानाच विचारून घ्या, मुली सोबत असतील तर नक्कीच.

आम्ही नवरा-बायको मिळून गातो. माझा ताल चुकला की यजमान सगळ्यांसमोर डोळे वटारतात, कधी कधी ढोलकी थांबवतात. मला रडू येतं. सेवा सोडून द्यावी वाटते. (एक भगिनी, वरुड)

सेवा का सोडता? ढोलकी थांबली तर तुम्ही थांबू नका. टाळ्या वाजवत गात राहा. मंडळी तुमच्यासोबत येईल, आणि ढोलकी बिचारी चार मात्रांत मागून सामील होईल. हे एकदा झालं की पुढच्या वेळी ती सहसा थांबत नाही.

आमच्याकडं नियम असा आहे. गीत ज्याचं, सतरंजीवर हुकूम त्याचा. मी गीत सुरू केलं तर लय मी धरणार. जलद असो, संथ असो, ढोलकीनं मागं यायचं. यांनी सुरू केलं तर पेटीनं मागं राहायचं. कडवं सोडून धृपदावर परत यायचं असेल तर हे ढोलकीच्या कडेवर बोटानं दोनदा टकटक करतात. समोरच्यांना ते ठेक्यातलंच वाटतं. मला गीत आवरायचं असेल तर मी भाता मंद करते. डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत, कारण समोरची माणसं डोळेच बघत असतात, आणि बायांना तर लगेच कळतं, यांचं बिनसलं. चुका काढायच्या त्या दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. परतीच्या एसटीतही नाही, तिथं अर्धं गाव सोबत असतं.

हे उत्तर यजमानांना वाचायला द्या. नाहीच वाचलं तर मोठ्यानं वाचून दाखवा. फक्त सभेच्या दिवशी नको.