कॉर्नवॉलच्या खेड्यातले पूर्वज शोधायला तयार वंशवृक्ष घ्यावा का?

प्रश्न: माझे यजमान ॲडलेडचे. घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांच्या खापरपणजोबांच्या नावापुढे फक्त ‘सेंट जस्ट, कॉर्नवॉल’ आणि ‘मूंटा, १८६५’ एवढंच लिहिलेलं आहे. इंटरनेटवर कुणीतरी केलेला तयार वंशवृक्ष मिळाला, तो थेट १६०० पर्यंत जातो. तो घ्यावा का? की प्रत्यक्ष कॉर्नवॉलला जाऊन शोधावं लागेल?

उत्तर:

तयार वंशवृक्ष घेऊ नका. कुणीही, कितीही प्रेमाने दिला तरी घेऊ नका.

आधी तुमच्या ‘सेंट जस्ट’बद्दल. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट जस्ट दोन आहेत. एक पश्चिम टोकाला, पेन्विथमधलं. तिथे बोटॅलॅक आणि लेव्हंटसारख्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या. दुसरं रोझलँडमधलं, खाडीकाठचं, शेतीचं आणि मासेमारीचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटात तांबं सापडलं १८६१ मध्ये आणि कॉर्नवॉलमधला तांब्याचा धंदा कोसळला १८६६ च्या सुमारास. मधल्या १८६५ मध्ये मूंटाला पोचलेला माणूस बहुधा खाणकामगार, म्हणजे बहुधा पेन्विथचा. पण हे ‘बहुधा’ आहे, पुरावा नव्हे. तुम्हाला मिळालेला वृक्ष कुठल्या सेंट जस्टचा आहे, हे तो करणाऱ्याला विचारा. उत्तर चाचरत आलं तर तिथेच थांबा.

आता मी एवढ्या जोरात का बोलते आहे ते सांगते.

माझं माहेर वाई, सासर वेंड्रन. लग्न होऊन सोळा वर्षं झाली, आता राहते ट्रुरोजवळ. वेंड्रन ही हेल्स्टनच्या उत्तरेला पसरलेली मोठी, विरळ वस्तीची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. वर शेतं आणि ग्रॅनाइटचे बांध, खाली कथिलाच्या जुन्या खाणी. सासरचं आडनाव इथे लिहीत नाही, पण साताऱ्याकडे जाधव असावेत तसं ते वेंड्रनमध्ये आहे. सासूबाईंच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेली एक वंशावळ होती. नवऱ्याच्या चुलतआत्याने दहा-बारा वर्षं खपून केलेली. तिच्यात सगळ्यात वर होता १८११ मध्ये वेंड्रनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला जॉन, स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. दर नाताळला आत्या त्या जमिनीची गोष्ट सांगायच्या आणि सगळे कौतुकाने ऐकायचे. मीही ऐकायचे.

२०२१ च्या हिवाळ्यात मुलीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता, म्हणून मी ती फ्रेम खाली उतरवली आणि सहज म्हणून जनगणना उघडली. १८५१ च्या जनगणनेत आमचा जॉन सापडला. बायको तीच, मुलं तीच, घर वेंड्रनमध्येच. पण वय ३६ आणि जन्मगाव सिथनी. सिथनी ही शेजारची पॅरिश. १८६१ मध्ये वय ४६, जन्मगाव सिथनी. १८७१ मध्ये ५६, पुन्हा सिथनी. एकदा लिहिणाऱ्याची चूक होईल. तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांकडून, तीच चूक होत नाही.

मग मी वेंड्रनच्या दफनाच्या नोंदी पाहिल्या. १८१३ पासून इंग्लंडभर छापील रकान्यांच्या नोंदवह्या आल्या, आणि दफनाच्या वहीत वय आणि राहण्याचं ठिकाण लिहावं लागू लागलं. १८१५ च्या पानावर तो होता. नाव जॉन, वय ४, ठिकाण त्याच शेतकऱ्याची वाडी. आत्यांच्या वंशावळीतला मूळ पुरुष चार वर्षांचा असताना गेला होता. मेलेल्या मुलाचं नाव पाठच्या भावाला ठेवायची रीत होती, म्हणून तेही तपासलं. त्या जोडप्याने पुढे कुठल्याच मुलाचं नाव जॉन ठेवलेलं नव्हतं. त्या पोराला माझ्या सासरच्यांनी दहा वर्षं आपला खापरपणजोबा म्हणून भिंतीवर टांगलं होतं आणि त्याच्या दफनाचं पान कुणी उघडलं नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सिथनीच्या बाप्तिस्म्यांच्या वहीत १८१५ मध्ये एकच जॉन होता त्या आडनावाचा. आईचं नाव ग्रेस. वडिलांच्या नावाची जागा मोकळी, आणि धंद्याच्या रकान्यात ‘अविवाहित स्त्री’.

तरीही माझी खात्री पटत नव्हती, म्हणून रेडरूथला गेले. तिथे ‘क्रेसेन केर्नो’ आहे, कॉर्नवॉलचा दप्तरखाना. जुन्या बिअरच्या कारखान्याच्या इमारतीत २०१९ मध्ये उघडला. जॉनचं लग्न १८३८ मधलं. जुलै १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचा असतो. वधूच्या वडिलांचं नाव होतं, पुढे ‘खाणकामगार’. जॉनच्या पुढे दोन्ही रकान्यांत आडवी रेघ. ही रेघ आत्यांनीही पाहिली होती. ‘कारकून विसरला असेल,’ असं त्यांनी स्वतःच्या टिपणवहीत लिहून ठेवलं होतं.

पण त्यांनी खालची ओळ पाहिली नव्हती, कारण त्यांनी सगळं काम तयार सूचीवरून केलं होतं आणि त्या सूचीत साक्षीदार नव्हते. खाली दोन साक्षीदार होते. पहिला चर्चचा माणूस, सही वळणदार. दुसरी ग्रेस. नावाच्या मध्ये एक वाकडी फुली आणि बाजूला पाद्रीबुवांच्या अक्षरात ‘हिची निशाणी’. आपल्याकडच्या जुन्या खतांवर नि. डा. अं. (निशाणी डावा अंगठा) असतं, अगदी तसं. मुलाच्या लग्नाला बाप म्हणून लिहायला कुणी नव्हतं, तेव्हा ती आई सगळ्या चर्चसमोर पुढे आली आणि तिने फुली काढली. मी त्या वाचनकक्षात रडले. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न विचारता कागदी रुमालांचा पुडा पुढे सरकवला.

नंतर १८५१ च्या जनगणनेत ग्रेसही सापडली. ‘निराधार, पूर्वी खाणीवर कामाला.’ खाणीच्या तोंडाशी हातोड्याने खडक फोडून कथिल-तांबं वेगळं करणाऱ्या बायकांना इथे ‘बाल मेडन’ म्हणतात. बाल म्हणजे कॉर्निश भाषेत खाण. आठ-दहा वर्षांच्या मुलींपासून बायका हे काम करायच्या.

आत्यांना मी हे सगळं कागद समोर ठेवून, हळू आवाजात, सासूबाईंच्या समोर सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात असं काही झालेलं नाही. तू बाहेरून आलेली आहेस, तुला इथलं काय कळणार?” त्यानंतर आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

मी बाहेरून आले होते म्हणूनच मला ते दिसलं, असं मी आजही म्हणते. मला त्या जमिनीची गरज नव्हती. आत्यांना होती, म्हणून त्यांनी शंभर जॉनमधून जमीनवाला जॉन उचलला. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत नेमकं हेच होतं. एकाने आवडलेला पूर्वज निवडला की पाठोपाठ चाळीस जण तो उचलतात, आणि मग ‘चाळीस ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार’ असं होऊन बसतं. ती चाळीस मतं नसतात, एकाच चुकीच्या चाळीस प्रती असतात.

आणि हे फक्त इंग्रजांचं नाही. आमच्या माहेरच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. माझ्या काकांनी त्याच्या नव्या आवृत्तीसाठी गावोगाव पत्रं पाठवली. त्यात पणजीपुढे लिहिलंय, ‘माहेर: माहीत नाही.’ माझी आजी तेव्हा हयात होती, तिला सासूचं माहेर तोंडपाठ होतं. कुणी विचारलं नाही. मी काकांना त्याबद्दल बोलले तर म्हणाले, “बायकांची माहिती कुठवर घेत बसायची?” ग्रेसची फुली पाहिल्यावर मला पहिली आठवली ती ही ओळ.

तेव्हा माझा सल्ला: बायकांच्या बाजूने शोधा. पुरुषांची नावं कॉर्नवॉलमध्ये तीच तीच असतात, जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड. आडनावंही बापाच्या नावावरून पडलेली, विल्यम्स, थॉमस, रिचर्ड्स. एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे चार विल्यम विल्यम्स सहज निघतात. ओळख पटते ती बायकोच्या माहेरच्या आडनावावरून. इंग्लंडच्या सरकारी जन्मसूचीत आता १८३७ पासूनच्या मुलांच्या आईचं माहेरचं आडनाव मिळतं, ते फुकट पाहता येतं. तुमच्या यजमानांच्या घराण्याचं आडनाव ट्रे, पोल किंवा पेनने सुरू होत असेल तर नशीब समजा. ट्रे म्हणजे वाडी, पोल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक. आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखी ती गावा-वाडीवरून पडलेली, आणि कधी कधी ती वाडी अजूनही नकाशावर असते.

घरबसल्या बरंच होतं. कॉर्नवॉल ऑनलाइन पॅरिश क्लार्क नावाचा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे. त्यांनी बाप्तिस्मे, लग्नं, दफनं उतरवून मोफत शोधायला ठेवली आहेत, आणि तुमच्या पॅरिशसाठी क्लार्क, म्हणजे त्यांचा स्वयंसेवक, असेल तर त्याला पत्र लिहिता येतं. माणसं फार मायेने उत्तर देतात. पण ती शेवटी उतरवलेली नोंद आहे. तिथून तारीख घ्या आणि मूळ पानाची प्रतिमा मिळवा. साक्षीदार बघा, रेघा बघा, समासात काय लिहिलंय ते बघा.

बाप्तिस्मा चर्चमध्ये सापडला नाही तर मेथडिस्ट या वेगळ्या पंथाच्या चॅपलच्या (प्रार्थनाघराच्या) वह्या बघा, तिकडे बहुतेक खाणकामगार मेथडिस्ट होते. लग्नासाठी मात्र तसं नाही. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न लावावं लागायचं, म्हणून ती नोंद पॅरिशच्याच वहीत असते. १७५२ च्या आधीच्या तारखांना जपा. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारीतलं मूल जुन्याच वर्षात लिहिलेलं असतं. मृत्युपत्रं शोधताना एक दुःखाची गोष्ट आहे. शेजारच्या डेव्हनमधल्या एक्झेटरला ठेवलेली बरीचशी मृत्युपत्रं मे १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाली. कॉर्नवॉलच्या आर्चडीकनच्या, म्हणजे चर्चच्या अधिकाऱ्याच्या, कोर्टातली वाचली, ती रेडरूथला आहेत. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराणंच्या घराणं एका जागी मिळतं, तसं इथे कुठेच मिळत नाही. इथे वह्या गावाच्या असतात, घराण्याच्या नसतात. घराणं आपल्याला एक-एक पान करून जुळवावं लागतं.

कॉर्नवॉलला जायला हवं का, हे विचारलंत. या, पण आधी घरचं काम संपवून या. आणि १६०० बद्दल: सामान्य खाणकामगाराचं घराणं खात्रीने १६०० पर्यंत नेणं फार दुर्मीळ. नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा असला तरी सगळ्या पॅरिशच्या इतक्या जुन्या वह्या टिकलेल्या नाहीत. तुमच्या वृक्षात प्रत्येक पिढी भरलेली असेल तर मला त्याचीच शंका येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या जॉनचा बाप कोण हे मला आजही सापडलेलं नाही. पॅरिशच्या गरीबखात्याच्या कागदांत असा बाप कधी कधी पोटगीच्या करारात सापडतो, पण आमच्या बाबतीत काही मिळालं नाही. कधी तो मुलाच्या मधल्या नावात लपलेला असतो, पण आमच्या जॉनला मधलं नावच नव्हतं. आत्यांबद्दल मी कठोर लिहिलं असेन. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा आजच्याइतक्या प्रतिमा सहज मिळत नव्हत्या, आणि त्यांची दहा वर्षांची टिपणं नसती तर मला सुरुवातही करता आली नसती. गेल्या वर्षी त्या स्वतः माझ्याबरोबर सिथनीच्या चर्चला आल्या. काही बोलल्या नाहीत. निघताना फक्त विचारलं, ग्रेसचं दफन कुठे झालं. ते मी अजून शोधते आहे.

तुमच्या खापरपणजोबांचं लग्न मूंटाला जाण्याआधी, म्हणजे कॉर्नवॉलमध्येच झालं असेल तर पेन्विथच्या सेंट जस्टसाठी नोंदणीचा जिल्हा पेन्झान्स घ्या आणि मूळ पान मागवा. त्यात वडिलांच्या रकान्यात काय आहे ते इथे लिहा. रेघ असेल तर साक्षीदारांची नावंही लिहा, मी पाहते.